नऊ नंबरची फरशी

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो नऊ नंबरवर होता, पाणथळीतल्या गाळ मापायच्या शेवटच्या जागी. फळीच्या टोकाला उकिडवा बसून त्याने सळई गाळात सरळ खाली उतरवली होती, खाली पुरलेल्या फरशीवर ती टक् करून टेकली होती, आणि गाळाच्या पातळीला अंगठ्याचं नख लावून त्याने आकडा वाचला होता. वाचला आणि सवयीने मान वर करून बांधाकडे ओरडून सांगितलाही. बांधावर कोणी नव्हतं. स्टूल नव्हतं, वही घेऊन बसलेली ती नव्हती. ती तीन दिवसांपासून दवाखान्यात होती आणि सकाळी तिनेच त्याला हाकललं होतं. "महिन्याचं माप चुकवू नका. मी काय कुठे पळून जाते?" म्हणून तो एकटाच आला होता. एक ते आठ नंबरला दर वेळी बांधावर चढून, बादलीत हात धुऊन, वहीत आकडा लिहून पुन्हा खाली उतरला होता. नऊपर्यंत येता येता दमला आणि विसरला की आज ओरडायचं नाही. आपलाच आवाज रिकाम्या बांधावरून परत आल्यासारखा वाटला आणि त्याच वेळी शर्टाच्या खिशातला फोन वाजला. एरवी फोन पिशवीत असायचा, त्या दिवशी मुद्दाम जवळ ठेवला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, कुठे आहात तुम्ही?" तो म्हणाला, "नऊ नंबरवर."  मुलगी म्हणाली, "बाबा, आई गेली." त्याने विचारलं, "कुठे?"

असं आपण विचारलं हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. हातावरचा चिखल फोनला लागला होता, फोनचा कानाला. दवाखान्यात तो तसाच जाऊन उभा राहिला तेव्हा नर्सने त्याच्या हातात कापूस दिला. कान पुसलेला तो करडा बोळा कुठे टाकावा ते न कळून त्याने खिशात ठेवला. हे सगळं आठवायचं. बिछान्याशेजारच्या टेबलावर तिचा चष्मा उघडाच ठेवलेला होता, तोही आठवायचा. पण सळईवर वाचलेला, तोंडाने ओरडलेला तो आकडा गेला तो गेलाच.

त्यानंतर चार महिने तो नऊ नंबरवर गेला नाही. एक ते आठ मापायचा, आठवरून नऊकडे जाणारी फळ्यांची वाट बघायचा आणि परत फिरायचा. ऑफिसात सांगायचा, तिकडची फळी खिळखिळी झालीय. फळीला काहीही झालं नव्हतं. तीन वेळा मापं झाली, तीन वेळा रकाना रिकामा राहिला. त्या दिवसाचा धरून चार. कोणी विचारलं नाही. बायको नुकतीच गेलेल्या माणसाला कोण विचारणार? शेवटी विचारलं ते मॅडमनी, आणि तेही रिकाम्या रकान्यांबद्दल नाही.

मॅडम म्हणजे दोन वर्षांपूर्वी मोठ्या ऑफिसातून आलेली, त्याच्या मुलीच्या वयाची बाई. ऑफिस दोन खोल्यांचं. एका खोलीत कपाटं, दुसरीत लांब टेबल, पंखा आणि भिंतीवर त्या पाणथळ जागेचा नकाशा. सगळे त्याला भरतीमास्तर म्हणत, त्या एकट्या काका म्हणायच्या. त्या दुपारी त्यांनी त्याच्यासमोर मापांच्या आलेखाचा कागद सरकवला. आठ रेघा वेड्यावाकड्या, कधी चढलेल्या, कधी पडलेल्या. नववी पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"काका, हे नऊ नंबरचे आकडे कसे आलेत?"

"कसे म्हणजे? मापून."

"एकोणीस महिने. दर महिन्याला बरोब्बर दोन मिलिमीटर वाढ. एकदा तीन नाही, एकदा शून्य नाही. वादळाच्या महिन्यातसुद्धा दोनच. चिखल इतका शिस्तीत वागतो?"

"काही काही जागा असतात शांत," तो म्हणाला.

"इतकी शांत तर आमच्या ऑफिसातली खुर्चीपण नाहीये." त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "मी उगाच खोदून विचारत नाहीये. सोमवारी बैठक आहे. मागच्या कोपऱ्यात गाळ येत नसेल, तर बांधाला तिथे दुसरं तोंड पाडायचं आहे. येत असेल तर नाही. बांध फोडायचं मशीन या महिन्यापुरतं आपल्याकडे आहे, नंतर दुसरीकडे जाणार. तुमचा नऊ नंबर म्हणतोय, मस्त चाललंय. आणि मी परवा दुरून बघितलं तर तिथली खारफुटीची रोपं पिवळी पडलीत. पाणी आत येतंय, पण निघतच नाहीये. खरं काय समजायचं?"

त्याने कागदाकडे पाहिलं. त्या सरळ रेघेतला प्रत्येक ठिपका बायकोच्या अक्षरातल्या आकड्याचा होता. "माझेच आकडे आहेत," तो म्हणाला. "बरोबर आहेत." म्हणून झाल्यावर त्याला आपल्या आवाजात काहीतरी नको तेवढं ठाम वाटलं, आणि मॅडमनाही वाटलं असावं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

चालत घरी येताना तो आकड्यांचा विचार करत होता, आणि विचार करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. आकडे त्याने कधी ठेवलेच नव्हते. ती व्यवस्थाच तशी होती. सुरुवातीच्या दिवसांत तो एकटा मापायचा आणि चिखलाच्या हातांनी लिहायचा. एकदा अख्खी वही घसरून पाण्यात गेली आणि दोन महिन्यांची मापं भिजून लगदा झाली. तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही खाली वाचा, मी वर लिहिते. नाहीतरी रविवारचं घरी बसून मी काय तुमच्या पँटीचा चिखलच धुणार." तेव्हापासून ती बांधावर आणि तो खाली. आधी आकडा पूर्ण सांगायचा, पण वाऱ्यात एकोणसाठमधला एकोण उडून जायचा आणि ती साठ लिहायची. सातचे साठ व्हायचे, साठचे सात. एकदा चार नंबरला गाळ एका महिन्यात त्रेपन्न मिलिमीटर वाढल्याची नोंद झाली आणि मोठ्या ऑफिसातून तीन माणसं गाडी करून बघायला आली. माणसं परतल्यावर दोघं बांधावर बसून पोट दुखेस्तोवर हसले होते. मग ठरलं की अंक सुटे सुटे सांगायचे. एक, एक, दोन. लिहून झालं की तिने वही धरलेला हात वर करायचा. हात वर झाला की तो सळई उपसायचा आणि पुढे जायचा. आकडा तोंडातून निघाला की तो तिचा. अकरा वर्षांत त्याने वही उघडून मागचं पान कधी पाहिलं नव्हतं. गरजच काय होती?

घरी येऊन त्याने चहा टाकला. गॅसच्या मागे भिंतीवर फिकट हिरव्या फरश्या होत्या आणि त्यातल्या एकीला वरपासून खालपर्यंत तडा होता. त्या फरश्यांच्याच बहिणी गाळाखाली होत्या. पाणथळीचं काम सुरू झालं तेव्हा गाळ मापायच्या पट्ट्या मोठ्या ऑफिसातून यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत, आणि भरती काही पट्ट्यांसाठी खोळंबणार नव्हती. घर बांधताना उरलेल्या नऊ फरश्या माळ्यावर पडून होत्या. तिने त्या फडक्यात बांधून आणल्या. मागच्या बाजूला खिळ्याने एक ते नऊ आकडे कोरले, नऊचं शेपूट जरा जास्तच लांब ओढलं आणि म्हणाली, "हा शेवटचा आहे, याला शेपूट असू दे." पुढे कधीतरी कढईचा दांडा लागून ओट्यामागची फरशी तडकली, आणि तसल्या फरश्या बाजारात मिळेनात. तेव्हापासून ती अधूनमधून म्हणायची, "नऊ नंबरची काढून आणा ना. तिथे खाली तिला कोण बघतंय?" तो म्हणायचा, "सरकारी मालमत्ता आहे." ती म्हणायची, "माझा ओटा कधी सरकारी झाला, मला कळलंच नाही."

मापायचं काम लागण्याआधीची बावीस वर्षं तो बांधाचा मुकादम होता. समुद्राला बाहेर ठेवणं हेच त्याचं काम. बांधाला कुठे बीळ पडलं, कुठे माती खचली, की माती आणि दगड घेऊन पळायचं. आतली शेतं तरीही खारावली, माणसं ती सोडून गेली, आणि एके दिवशी साहेबांनी येऊन सांगितलं की आता बांध फोडायचा, पाणी आत घ्यायचं, जमीन पूर्वी जशी होती तशी होऊ द्यायची. तो घरी आला तेव्हा त्याचं तोंड इतकंसं झालं होतं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला काढलं का?" तो म्हणाला, "नाही. मापायला ठेवलंय." फोडायच्या दिवशी ती बघायला आली. मशीनने शेवटचं ढेकूळ उचललं आणि पाणी आत शिरलं. जोरात नाही, पाहुणा चाचपडत घरात येतो तसं, कडेकडेने, वाळकी काटकी, जुनी गवताची बुडखी, बुजगावण्याचा एक हात उचलत. ती चपला हातात घेऊन पाण्यात उभी होती. "बावीस वर्षं दारात उभं केलंत बिचाऱ्याला," ती म्हणाली. त्याला तेव्हा राग आला होता. आता आठवताना त्याला तिच्या पायांची बोटं दिसली, गाळात रुतलेली, आणि त्यांच्यावरून येऊन परत गेलेलं पाणी.

चहा उतू गेला. तो पुसून त्याने वह्या काढल्या. शेवटच्या वहीत नऊ नंबरचा रकाना बोटाने वरून खाली वाचत गेला. एकशेबारा. मग एकशेचौदा, एकशेसोळा, एकशेअठरा. अक्षर तेच, गोल, शून्यावर छोटी गाठ मारणारं. एकशेपन्नासपाशी रकाना संपला. एक, पाच, शून्य. हे आपण कधी ओरडलो? शून्याचा आकडा तोंडातून जाताना वेगळा लागतो, लांब जातो, तो आठवला असता. उलट जे आठवलं ते असं, की एका सकाळी सळईवर नख लावताना आपण मनात म्हटलं होतं, आलं पुन्हा ते एक, एक, दोन. पुन्हा. म्हणजे आधीही. आणि मग एक दाढीची सकाळ आठवली. तो आरशासमोर होता, ती मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "नऊ नंबर बरा वाढतोय, नाही?" तो गालावरचा साबण सांभाळत आरशाला म्हणाला, "कुठला वाढतोय! वर्षभर आहे तिथेच आहे." आणि ती म्हणाली, "हं." समाधानाने म्हणावं तसं हं. तेव्हा त्याला वाटलं होतं, हिचं लक्ष नाही.

त्याने मुलीला फोन लावला. जेवलात का, औषध घेतलंत का, झाल्यावर त्याने विचारलं, "आईला ऐकू येत होतं ना गं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. 

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वहीने."

"डाव्या कानाने अजिबात येत नव्हतं. उजव्यानेपण कमी. दोन वर्षं होत आली होती. मी डॉक्टरकडे नेलं होतं, मशीन लावा म्हणाले. तिने लावलं नाही. मला शपथ घातली होती."

"कशाला?"

"ती म्हणाली, बाबांना कळलं तर ते लिहायला दुसरं कोणीतरी घेतील आणि मला घरी बसवतील." मुलीने नाक ओढलं. "म्हणाली, मला चालतं, त्यांचं तोंड दिसलं की मला आकडा कळतो. बाबा? बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला.

लांबचं बघायचा चष्मा तिने त्याच सुमारास केला होता. त्याला वाटलं होतं, वय. एक ते आठपर्यंत बांध मापायच्या जागांच्या बाजूबाजूने जातो, ती वरून त्याच्याबरोबर चालायची, त्याच्या तोंडाकडे टक लावून. घरीही तशीच बघायची. त्याने एकदा चेष्टेने विचारलं होतं, "काय बघतेस एवढं? नवा आहे का मी?" ती म्हणाली होती, "जुनाच आहात, म्हणून बघते. कुठे काय गळून पडलंय ते." म्हातारपणी बायको आपल्याकडे अशी बघते याचं त्याला आतून बरं वाटायचं, कोणाला सांगितलं नव्हतं, पण बरं वाटायचं. नऊ नंबरला मात्र बांध वळून दूर जातो. तिथून माणूस बोटाएवढा दिसतो, त्याचं तोंड कसलं दिसणार? तिथे ती स्टूल टाकून बसायची. तो ओरडायचा. ती थोडं थांबायची, खाली बघून लिहायची आणि हात वर करायची. दर वेळी. एकदाही तिने पुन्हा सांगा म्हटलं नाही. मागच्या महिन्याचा आकडा बघून त्यात दोन मिळवताना ती काय विचार करत असेल? दोनच का? कमी नाही, जास्त नाही, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही असे दोन. घरखर्चात कुठे काय बसवायचं हे कळणाऱ्या बाईने गाळही तसाच बसवला होता. त्याला हसू यायला लागलं, आणि ते मध्येच भलतीकडे वळलं, तेव्हा तो उठून ओट्याशी जाऊन त्या तडा गेलेल्या फरशीवर हात ठेवून उभा राहिला. ती गॅसमुळे अजून कोमट होती.

गप्प बसता आलं असतं. मॅडमनी "बरं" म्हटलं होतं. सोमवारी बैठक झाली असती, मशीन निघून गेलं असतं, आणि वहीत तिचे आकडे तसेच बरोबर राहिले असते. मागच्या कोपऱ्यात पाणी साचून रोपं कुजली असती, इतकंच. त्या रोपांतली काही तिने लावली होती. खारफुटीच्या लांब शेंगा चिखलात खोचताना ती प्रत्येकीला "बस इथे" म्हणायची, मुलीला लहानपणी पाटावर बसवायची तशी.

शनिवारी सकाळी त्याने वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. "हे एकोणीस आकडे खरे नाहीत," तो म्हणाला. "मी ओरडायचो ते तिला ऐकू येत नव्हतं. मला आत्ता कळलं." आणखी काही सांगायचं त्याने ठरवलं होतं, की तिने फसवायला केलं नाही, की बाकी सगळे आकडे पक्के आहेत, पण त्याने नऊ नंबरचं पान तेवढं उघडून दिलं. मॅडमनी वही बराच वेळ पाहिली.

"खोडावे लागतील, काका."

"हो."

"गिरवून काळं करायचं नाही हं. एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला तुमची सही आणि आजची तारीख. नियम आहे."

नियम त्याला ठाऊक होता. पण त्या खोलीत पंख्याखाली बसून एकोणीस रेघा मारताना त्याला त्या नियमाचं फार बरं वाटलं. प्रत्येक रेघेखालून तिचा आकडा दिसत होता, शून्याची गाठसुद्धा. झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता खरं माप लागेल. ओहोटी साडेदहाला आहे. मी येते वही घेऊन. फळी खिळखिळी आहे ना?"

"फळी ठीक आहे," तो म्हणाला.

मॅडम स्टूलवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. तो आठवरून पुढे गेला. फळीवर शेवाळ धरलं होतं. कोपऱ्यात पाणी करडं, जड, हलायचं नाव नाही. रोपांची पानं कडेने वाळलेली. एक लहानसा खेकडा त्याला बघून बिळात गेला आणि पुन्हा डोळे काढून बसला. तो उकिडवा बसला. गुडघे मोडल्यासारखे वाजले. सळई त्याने फडक्याने पुसली, सरळ धरली आणि हळूहळू खाली सोडली. हाताला गाळ मऊ लागला, मग थोडा घट्ट, मग टक्. तो आवाज कानाला कमी आणि मनगटाला जास्त कळायचा. खाली फिकट हिरवा रंग होता, मागे शेपटाचा नऊ. त्याने नख लावून वाचलं, मान वर केली आणि ओरडला, "एक, एक, तीन!"

मॅडमनी कानामागे हात धरला. "काय? काका, पुन्हा सांगा!"

तो तसाच बसून राहिला. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, की आणखी कशाने. मग त्याने जमेल तेवढा मोठा श्वास घेतला.

"एक! एक! तीन!"

"तीन का पाच?"

"तीन! तीन!" त्याने सळई सोडून तीन बोटं वर केली. बांधावर वही हलली आणि मॅडमचा हात वर झाला.

परत येऊन त्याने बादलीत हात धुतले. मॅडमनी वहीची मागची पानं चाळली. मग म्हणाल्या, "एकोणीस महिने आणि वर चार, त्यात जेमतेम एक मिलिमीटर. दुसरं तोंड पाडावंच लागेल. सोमवारी मी हेच सांगेन." त्याने मान हलवली. नवं तोंड पडलं की नऊ नंबरवर गाळ भरभर चढेल, फरशी आणखी खोल जाईल. ओट्यामागची फरशी तशीच राहील.

"आता ते चार रिकामे रकाने," मॅडम म्हणाल्या. "माप घेतलं नाही असं लिहायचं, म्हणजे पान पूर्ण होईल."

त्याने पेन घेतलं. अलीकडच्या तीन रकान्यांत त्याने सावकाश लिहिलं, माप घेतले नाही. चौथ्यापाशी, म्हणजे त्या दिवसाच्या रकान्यापाशी, पेन थांबलं.

"इथे तसं लिहिता येत नाही," तो म्हणाला. "इथे मी माप घेतलं होतं. सांगितलंही होतं."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि वही मिटली. तो रकाना अजून लिहायचा राहिला आहे.